तारण काय आहे? अमेरिकेतले नेपाळी आणि क्री

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही अर्थशास्त्रात एम.ए. करताय, प्रकल्पासाठी ‘अमेरिकेतल्या नेपाळी आणि क्री समाजाच्या आर्थिक स्थितीची तुलना’ हा विषय घेतलाय (क्री म्हणजे उत्तर अमेरिकेतला एक मूलनिवासी समाज) आणि तुम्हाला दोन गोष्टी हव्या आहेत. एक, या दोघांत जास्त गरीब कोण? दोन, “बाहेरून आलेले पुढे गेले, मूळचे मागे राहिले” असा निष्कर्ष काढला तर चालेल का? पहिल्याचं उत्तर एका ओळीत देता येईल. दुसऱ्याचं देता येत नाही, आणि तुमचा खरा प्रश्न तोच आहे.

मी अर्थतज्ज्ञ नाही. बँक ज्यांना दारातूनच परत पाठवते अशांना घरासाठी, धंद्यासाठी कर्ज देणाऱ्या ना-नफा संस्थांमध्ये मी पंधरा वर्षं काढली. त्यातली पहिली नऊ ओहायोतल्या कोलंबसला. तिथे माझ्या टेबलासमोर बसणाऱ्या तिघांतला एक तरी नेपाळी बोलायचा. पुढची सहा मोंटानात, ग्रेट फॉल्सला. तिथून गाडीने साधारण दीड तासावर चिपेवा-क्री लोकांचं, म्हणजे चिपेवा आणि क्री या दोन मूलनिवासी समाजांच्या एकत्रित ट्राइबचं, रॉकी बॉय रिझर्व्हेशन आहे. (रिझर्व्हेशन म्हणजे आपलं आरक्षण नव्हे, ट्राइबसाठी, म्हणजे मूलनिवासी जमातीसाठी, राखून ठेवलेला भूभाग.) कर्ज मागायला आलेल्या माणसाचे कागद वाचणं हा माझा धंदा. त्यामुळे पुढे जे लिहितोय ते त्या खिडकीतून दिसलेलं आहे, सगळं जग त्यात मावत नाही.

एका ओळीचं उत्तर असं: पगाराचे आकडे शेजारी ठेवले तर आज सर्वसाधारण नेपाळी कुटुंब रॉकी बॉयवरच्या कुटुंबापेक्षा बऱ्या स्थितीत दिसेल. आता ही ओळ प्रकल्पात जशीच्या तशी का टाकू नये ते सांगतो.

आधी मोजतोय कोणाला ते ठरवा. ‘नेपाळी’ या एका शब्दात किमान तीन वेगळे लोक आहेत. पहिले, शिकायला किंवा नोकरीच्या व्हिसावर आलेले आणि डायव्हर्सिटी व्हिसाच्या सोडतीत नंबर लागलेले. नेपाळमधल्या गावात ‘डीभी पऱ्यो’ (सोडतीत व्हिसा लागला) ही बातमी लग्न ठरल्यासारखी घरोघर फिरते. दुसरे, २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपानंतर ‘टीपीएस’ नावाच्या तात्पुरत्या संरक्षणावर राहिलेले. तिसरे, ज्यांनी नेपाळ फक्त निर्वासित छावणीतून पाहिला ते दक्षिण भूतानमधले नेपाळी भाषक, ल्होत्शाम्पा. १९९० च्या आसपास भूतानने यांना हाकललं, पूर्व नेपाळातल्या झापा आणि मोरंगच्या छावण्यांत त्यांची सतरा-अठरा वर्षं गेली आणि २००८ पासून त्यांतले ९० हजारांहून अधिक लोक अमेरिकेत वसवले गेले. कोलंबस त्यांचं मोठं ठाणं.

अमेरिकेच्या २०१० च्या जनगणनेत फक्त ‘नेपाळी’ अशी नोंद करणारे साधारण ५२ हजार होते, २०२० मध्ये २ लाख ५ हजार. आशियाई गटांत इतक्या वेगाने दुसरा कोणताही मोठा गट वाढला नाही. पण यातले भूतानहून आलेले किती, हे हा आकडा सांगत नाही. कोलंबसला एका घरात मी फॉर्म भरायला मदत करत होतो. वडील म्हणाले, “भूतानी लिहा, आमचं घर तिथे होतं.” मुलगा छावणीत जन्मलेला. त्याने स्वतःच्या रकान्यात नेपाळी लिहिलं. एकाच स्वयंपाकघरातली दोन माणसं जनगणनेच्या दोन तक्त्यांत गेली.

आणि सरासरीबद्दल तर बोलायलाच नको. प्यू रिसर्च या संशोधन संस्थेने २०१९ च्या आकड्यांवरून काढलेलं आशियाई कुटुंबांचं मध्यक (म्हणजे बरोबर मधल्या कुटुंबाचं) वार्षिक उत्पन्न ८५,८०० डॉलर होतं, सगळ्या अमेरिकी कुटुंबांचं ६१,८००. त्याच आशियाई आकड्याच्या पोटात भारतीय कुटुंबं १ लाख १९ हजारांवर होती आणि म्यानमारहून आलेली ४४,४०० वर. ‘आशियाई’ शब्दाने जे लपतं तेच लहान प्रमाणात ‘नेपाळी’ शब्दाने लपतं. डॅलसजवळ पेट्रोल पंपाला जोडलेलं दुकान चालवणारा, न्यूयॉर्कच्या जॅक्सन हाइट्समधून रोज नेल सलूनमध्ये कामाला जाणारी आणि कोलंबसच्या गोदामात रात्रपाळी करणारा, या तिघांचं एकच मध्यक काढून काय कळणार?

क्री समाजाच्या बाबतीत अडचण उलटी आहे. तिथे आकडाच हाताला लागत नाही. क्री हा मुळात कॅनडात पसरलेला फार मोठा समाज आहे, अमेरिकेत त्याची एक छोटी फांदी. २०१० च्या जनगणनेत एकट्याने किंवा दुसऱ्या वंशाबरोबर ‘क्री’ लिहिणारे अमेरिकेत जेमतेम आठ हजार होते. त्यातही गोम अशी की रॉकी बॉयच्या माणसाने ‘चिपेवा-क्री’ लिहिलं की जनगणनेच्या तक्त्यात तो चिपेवा गटात मोडतो. म्हणजे तुम्ही ‘क्री’ हा शब्द टाकून आकडे काढलेत, तर ज्या एकमेव ट्राइबच्या नावातच क्री आहे, तिचेच लोक निसटतील. मूलनिवासींचा देशपातळीवरचा आकडा मात्र पक्का आहे: २०२२ मध्ये अधिकृत गरिबीचा दर देशात ११.५ टक्के होता, मूलनिवासींमध्ये २५ टक्के. पण त्यात नावाहोपासून अलास्कापर्यंत सगळे आले. त्याला क्रींचा आकडा म्हणू नका.

‘मूळचे मागे राहिले’ या वाक्यात अजून एक चूक आहे, आणि ती समजायला थोडा इतिहास लागेल. मोंटानातल्या क्रींना अमेरिकेने कितीतरी वर्षं मूळचे मानलंच नाही. १८८५ मध्ये कॅनडाच्या वायव्येला उठाव झाला. तो मोडल्यावर बिग बेअर या क्री नायकाला तुरुंगात टाकलं. त्याचा मुलगा लिटल बेअर आपल्या लोकांना घेऊन सीमेच्या दक्षिणेला आला. मोंटानातल्या गोऱ्यांच्या लेखी हे ‘कॅनडाचे इंडियन’, म्हणजे घुसखोर. १८९६ मध्ये अमेरिकी संसदेने त्यांना हाकलण्यासाठी ५ हजार डॉलर मंजूर केले. सैन्याने माणसं गोळा केली आणि सीमेपलीकडे नेऊन सोडली. बरेचसे परतही आले. मग वीसेक वर्षं ही कुटुंबं हॅव्हर, हेलेना, ग्रेट फॉल्स या गावांच्या कडेला, उकिरड्यांच्या आणि कत्तलखान्यांच्या शेजारी राहिली. रानगव्यांची हाडं वेचून विकायची, शिंगं घासून-पुसून टोप्या अडकवायच्या खुंट्या करायच्या, असं हातावरचं पोट.

१९१६ च्या सप्टेंबरमध्ये, सैन्याने सोडून दिलेल्या फोर्ट असिनिबॉइनच्या जमिनीतून तुकडा काढून त्यांना रिझर्व्हेशन मिळालं. नाव ज्याच्यावरून पडलं तो चिपेवा नायक त्याच वर्षी एप्रिलमध्ये वारला होता. ‘रॉकी बॉय’ हे नावसुद्धा चुकीचं भाषांतर. मूळ नावाचा अर्थ ‘दगडाचं मूल’, स्टोन चाइल्ड. ट्राइबने १९८४ मध्ये स्वतःचं कॉलेज काढलं तेव्हा त्याला स्टोन चाइल्ड हे बरोबर नाव दिलं.

हे सगळं सांगायचं कारण, छावणी आणि हकालपट्टी या गोष्टी ल्होत्शाम्पांच्या आहेत तशाच मोंटानातल्या क्रींच्याही. एकाला निर्वासित म्हणून कागद मिळाले, दुसऱ्याला तीस वर्षांनी जमीन मिळाली. कागद आणि जमीन यांचं पुढे काय झालं, तिथे तुमची तुलना खऱ्या अर्थाने सुरू होते.

दोन फायली उघडतो. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे फिरवलेत.

पहिली कोलंबसची. बेलडांगी छावणीतून आलेलं सात माणसांचं घर: म्हातारे आई-वडील, दोन भाऊ, थोरल्याची बायको, दोन मुलं. दोघे भाऊ गोदामात, वहिनी एका इस्पितळाच्या धुलाई विभागात. येऊन पाच वर्षं झालेली, घर घ्यायचंय. मी धाकट्याचा क्रेडिट स्कोअर बघितला आणि चकित झालो. चांगला होता. ज्याने कधी क्रेडिट कार्ड वापरलं नाही त्याला स्कोअर कुठून? निर्वासितांना अमेरिकेत आणताना विमानाचं भाडं बिनव्याजी कर्ज म्हणून दिलेलं असतं आणि आल्यावर सहा महिन्यांनी त्याचे हप्ते सुरू होतात. या माणसाने पहिल्या पगारापासून एकही हप्ता चुकवला नव्हता. अमेरिकेत पाऊल ठेवलं तेच कर्ज घेऊन, पण त्याच कर्जाने त्याची पत उभी केली होती.

मग बँकेच्या खात्यात एकदम ९ हजार डॉलर जमा झालेले दिसले. एवढी रक्कम कुठून आली ते विचारणं भागच असतं. तो जरा घुटमळला, मग म्हणाला, “ढुकुटी.” वीस घरं, दर महिन्याला ठरावीक रक्कम, प्रत्येक महिन्याला एकाची पाळी. मी म्हटलं, “अरे, ही तर भिशी!” माझी आई कोल्हापुरात तेच करायची. फरक एवढाच की आईच्या भिशीवर मिक्सर आला होता, यांच्या भिशीवर घराचं डाउन पेमेंट. भिशीला कागद नसतो, आणि कर्ज मंजूर करणाऱ्याला कागदाशिवाय काही दिसत नाही. आम्ही पैसे दोन महिने खात्यात तसेच मुरू दिले, बाकीच्यांकडून लेखी घेतलं, आणि घर झालं.

दुसरी फाइल रॉकी बॉयची. शाळेत मदतनीस असलेली बाई, कायम नोकरी, दोन मुलं, क्रेडिट स्कोअर त्या नेपाळी भावापेक्षाही वरचा. आजीच्या घराशेजारी ट्राइबने तिच्या नावे एक एकर जागा नेमून दिली होती. तिथे तिला तीन खोल्यांचं घर बांधायचं होतं. मी मोंटानात नवा होतो. ताठ मानेने सांगितलं, “सहा आठवडे.” लागले चौदा महिने. मधल्या काळात बांधकाम करणाऱ्याने दिलेला दर उलटून गेला, हिवाळा आला आणि कामाचा एक पूर्ण हंगाम हातचा गेला. चूक माझी होती. मी माणसाचे कागद वाचले, जमिनीचे वाचले नाहीत.

रॉकी बॉयची जमीन, साधारण १ लाख २० हजार एकर, केंद्र सरकारने ट्राइबच्या वतीने विश्वस्त म्हणून धरलेली आहे. ती विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही. घर बांधायचं तर ट्राइबकडून दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा घ्यायचा, तो केंद्राच्या इंडियन अफेअर्स (म्हणजे मूलनिवासींचं काम बघणाऱ्या) विभागाने मान्य करायचा, जमिनीच्या हक्काचा दाखला काढायचा, आणि मग कर्जदाराने त्या भाडेपट्ट्यावर बोजा चढवायचा. १९९२ पासून यासाठी केंद्राची हमी असलेली ‘सेक्शन १८४’ नावाची कर्जयोजना आहे, डाउन पेमेंट अगदी थोडं. पण हप्ते थकलेच तर ते घर वाटेल त्याला विकता येत नाही, ट्राइबच्या माणसाला, ट्राइबला किंवा तिच्या गृहनिर्माण संस्थेलाच द्यावं लागतं. बहुतेक बँकांचा उत्साह इथेच संपतो.

तुम्हाला हे सातबाऱ्याच्या भाषेत चटकन कळेल. ‘भोगवटादार वर्ग २’ असा शेरा असलेली जमीन घेऊन बँकेत गेलेल्या माणसाचा चेहरा आठवा. जमीन त्याची, राबतो तो, पण हस्तांतराला वरची परवानगी. किंवा आपल्या महसूल संहितेतलं कलम ३६अ: आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीकडे जायची तर जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय नाही. रॉकी बॉय हे संपूर्ण रिझर्व्हेशनच असं आहे असं समजा.

मग बंधन काढून टाका, असं तुम्हाला वाटेल. मलाही पहिल्या वर्षी वाटलं होतं. ट्राइबच्या एका म्हाताऱ्या सदस्याने मला शांतपणे विचारलं, “बाकीच्यांची जमीन कुठे गेली, माहीत आहे?” १८८७ च्या डॉझ कायद्याने बरीच रिझर्व्हेशनं तुकडे करून माणशी वाटली आणि उरलेली बाहेरच्यांना खुली केली. तेव्हा मूलनिवासींच्या हाती १३.८ कोटी एकर होते, १९३४ मध्ये ४.८ कोटी उरले. रॉकी बॉयची वाटणी झाली नाही, म्हणून ती आज अखंड आहे. जी अट त्या शाळेतल्या बाईला चौदा महिने रखडवते, तिच्याचमुळे तिच्या आजीच्या घराशेजारी तिच्यासाठी एक एकर शिल्लक होता. हे दोन्ही एकाच वेळी खरं आहे आणि तुमच्या प्रकल्पात दोन्ही यायला हवं.

इथवरचं थोडक्यात सांगायचं तर नेपाळी कुटुंबाकडे पगार आहेत आणि कुठेही जाऊन राहायची मोकळीक आहे. क्री कुटुंबाकडे जमीन आहे आणि तिच्यावरचा पिढ्यान्‌पिढ्यांचा हक्क आहे, पण त्या जमिनीचा पैसा होत नाही. उत्पन्नाचा आकडा पहिली गोष्ट पकडतो. दुसरीसाठी त्याच्याकडे रकानाच नाही.

आणि पहिली तरी नीट पकडतो का? एक हिशेब करू. आकडे सोयीसाठी घेतलेले आहेत. गोदामात ताशी १८ डॉलर धरा. आठवड्याचे ४० तास, वर्षाचे ५२ आठवडे: ३७,४४० डॉलर. घरात तीन कमावते असतील तर १,१२,३२०. कागदावर हे घर सुखवस्तू. खाणारी तोंडं सात, म्हणजे माणशी साधारण १६ हजार. रॉकी बॉयवर एकटीचा पगार ३४ हजार धरा, माणसं तीन. माणशी ११,३०० च्या आसपास. कौटुंबिक उत्पन्नात अंतर तिपटीहून जास्त, माणशी काढलं की दीडपटीच्या खाली. शिवाय त्या नेपाळी घरातून दर महिन्याला झापाला काही पैसे जातातच. नेपाळच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या पाव भागाच्या आसपास रक्कम परदेशातल्या लेकरांनी पाठवलेली असते, तिचा काही भाग अशा घरांतून निघतो. रॉकी बॉयच्या पगारातूनही चुलत-मावस भावंडांची घरं चालतात, पण ते पैसे कुठल्या खात्यातून जात नाहीत. उलट बाजूने एल्क या मोठ्या हरणाचं मांस, डोंगरातलं सरपण, मणीकामाची विक्री, उन्हाळ्यात वणवा विझवायला जाणाऱ्या पथकातली कमाई, यातलं बरंचसं कोणत्याच तक्त्यात उतरत नाही.

आता अंतर. मला विचाराल तर निम्मं उत्तर नकाशातच आहे. कोलंबस हे देशातलं मोठं गोदामांचं शहर. एका गोदामातलं काम सुटलं तर रस्त्याच्या पलीकडे दुसरं. रॉकी बॉयजवळचं मोठं गाव हॅव्हर, वस्ती नऊ हजारांच्या घरात. ट्राइबचं प्रशासन, शाळा, दवाखाना, कॉलेज, एवढ्यातच बहुतेक पगारी नोकऱ्या, आणि त्यातल्या बऱ्याच वॉशिंग्टनहून येणाऱ्या निधीवर. निधी थांबला की पगार थांबतो. ‘मग ते शहरात का जात नाहीत’ हा प्रश्न मला पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांनी हमखास विचारलाय. जातात की. ग्रेट फॉल्समध्ये, बिलिंग्जमध्ये भरपूर आहेत. पण गेलेला माणूस तुमच्या ‘रिझर्व्हेशन’च्या आकड्यातून बाहेर पडतो, आणि मागे राहिलेल्यांची सरासरी आणखी खाली येते. नेपाळींच्या बाबतीत बरोबर उलटं. जो हजारो मैल ओलांडून येऊ शकला तोच मोजला जातो. जो झापात राहिला तो अमेरिकेच्या सरासरीत नसतो. एका बाजूला निघून आलेले मोजायचे आणि दुसऱ्या बाजूला मागे राहिलेले, आणि मग म्हणायचं की निघून आलेले पुढे गेले!

कसिनोबद्दल दोन शब्द, कारण तुम्ही विचारलं नसलं तरी परीक्षक विचारतील. हो, चिपेवा-क्रींचा कसिनो आहे, बॉक्स एल्डरजवळ हायवेवर. मोठ्या शहराजवळच्या काही ट्राइबना कसिनोने श्रीमंत केलं हे खरं. पण इथे आसपास येणार कोण? काही नोकऱ्या मिळतात, तेवढंच. ट्राइबने ऑनलाइन कर्ज देण्याचा धंदाही करून पाहिला. व्याजाचे दर शेकडो टक्क्यांचे, त्यावरून खटले झाले. कर्जाच्या धंद्यात असल्यामुळे मला तो प्रकार मुळीच आवडला नाही. पण ज्या जमिनीवर बोजा चढत नाही आणि जिथे गिऱ्हाईक फिरकत नाही, तिथलं सरकार महसूल कशातून काढणार, हा प्रश्न विचारल्याशिवाय शिव्या देऊ नका.

रॉकी बॉयच्या जमेच्या बाजूही लिहा, नाहीतर चित्र नुसतं रडगाणं होईल. आरोग्यसेवा ट्राइबमार्फत मिळते. अपुरी आहे, पण आहे. स्वतःचं कॉलेज आहे. रिझर्व्हेशनवर राहून तिथेच कमावणाऱ्या सदस्याला राज्याचा आयकर लागत नाही. १९९९ च्या कायद्याने पाण्याचा हक्क मिळाला, त्यात टायबर धरणातलं वर्षाला १० हजार एकर-फूट पाणी आहे. कोरड्या मोंटानात ही लहान गोष्ट नाही. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे हाकलण्याची भीती आता नाही. उलट अमेरिका आणि ब्रिटन यांच्यातल्या १७९४ च्या ‘जे’ नावाच्या कराराच्या आधाराने, निम्मं किंवा त्याहून अधिक मूलनिवासी रक्त असलेला कॅनडाचा क्री अमेरिकेत येऊन व्हिसाशिवाय राहू शकतो, काम करू शकतो.

आता हेच नेपाळींच्या बाजूने पाहा. टीपीएसवाल्यांचं संरक्षण एकदा २०१८ मध्ये संपवायचं ठरलं, कोर्टाने थांबवलं, जून २०२५ मध्ये पुन्हा संपवल्याची घोषणा झाली, पुन्हा कोर्टकज्जे. दहा वर्षं कर भरलेल्या माणसाला तीस वर्षांचं गृहकर्ज कसं द्यायचं, जर त्याच्या कामाच्या परवान्यावरची तारीख पुढच्या वर्षीची असेल? अशा फायली मी हाताळल्या आहेत. त्यातल्या काही परत करताना मला त्या माणसाच्या डोळ्यांत बघवलं नाही. निर्वासित म्हणून आलेल्या म्हाताऱ्यांना मिळणारं ‘एसएसआय’ हे मासिक साहाय्य सात वर्षांपुरतं असतं, पुढे हवं तर नागरिक व्हा. आयुष्यभर वेलचीच्या बागेत राबलेली, कोणत्याच भाषेत अक्षरओळख नसलेली सत्तरीची आजी इंग्रजीतली परीक्षा कशी देणार? आणि २०२५ मध्ये तर काही भूतानी-नेपाळींना अमेरिकेने उचलून भूतानला पाठवलं, तिथून त्यांना पुन्हा बाहेर काढण्यात आलं. पस्तीस वर्षांनी माणूस जिथून निघाला होता तिथेच.

म्हणून “पुढे गेले” हे क्रियापद मला खटकतं. एकाचा पगार चांगला आहे पण पायाखालची जमीन तारखेवर चालते. दुसऱ्याच्या पायाखालची जमीन कुठे जात नाही, पण तिच्यावर उभं राहून पगार मिळत नाही.

हे सगळं परिस्थितीवर किती अवलंबून आहे तेही सांगतो. कोलंबसऐवजी न्यूयॉर्क धरलंत तर घरभाड्याने सगळा हिशेब उलटेल. रॉकी बॉयऐवजी कॅनडातले क्री धरलेत तर विषयच वेगळा होईल. तुमच्या शीर्षकातल्या ‘अमेरिका’चा अर्थ मार्गदर्शक उत्तर अमेरिका असा घेणार असतील तर क्वेबेकमधले क्री बघा. जलविद्युत प्रकल्पाशी भांडून त्यांनी १९७५ मध्ये जेम्स बे करार मिळवला, २००२ च्या पन्नास वर्षांच्या करारात तिसऱ्या वर्षापासून दरवर्षी किमान ७ कोटी कॅनेडियन डॉलर पदरात पाडून घेतले, स्वतःची विमान कंपनी चालवतात, आणि शिकारीवर जगणाऱ्यांना हमखास उत्पन्न देणारी योजनाही आहे. तेही क्रीच आहेत, भाषेने आणि रक्ताने. मग ‘क्री गरीब का?’ या प्रश्नाचं उत्तर क्री असण्यात नाही, हे तिथेच सिद्ध होतं.

आकड्यांचं काम असं करा. नेपाळींसाठी जनगणना खात्याच्या अमेरिकन कम्युनिटी सर्व्हेचे पाच वर्षांचे आकडे घ्या, कौटुंबिक आणि माणशी उत्पन्न दोन्ही, आणि ‘भूतानी’ हा वेगळा गट बेरजेत घ्यायचा की नाही ते आधी लिहून ठेवा. क्रींसाठी वंशाचा रकाना सोडा, भूभाग निवडा: रॉकी बॉय रिझर्व्हेशन आणि त्याच्या बाहेरची ट्रस्टची जमीन. प्रत्येक आकड्याशेजारी छापलेली त्रुटीची मर्यादा तुमच्या तक्त्यातही छापा. एवढ्या लहान वस्तीत ती इतकी रुंद असते की दोन वर्षांतला फरक बहुधा तिच्यातच बुडतो. आणि एक तळटीप नक्की टाका. २०२० च्या जनगणनेची नंतर पडताळणी झाली तेव्हा रिझर्व्हेशनवरचे मूलनिवासी ५.६४ टक्के कमी मोजले गेल्याचं आढळलं, तर आशियाई २.६२ टक्के जास्त. म्हणजे तुमच्या तराजूची दोन्ही पारडी सुरुवातीपासूनच वाकडी आहेत.

शीर्षक बदलता येत नसेल तर राहू द्या. तक्त्यात मात्र उत्पन्न, शिक्षण, रोजगार यांच्या पुढे तीन रकाने वाढवा: राहण्याचा हक्क किती पक्का, जागा तारण ठेवता येते का, आणि घराची किंमत वाढली तर ती घरमालकाला मिळते का. तिसऱ्याबद्दल विचाराल म्हणून सांगून ठेवतो. कोलंबसच्या त्या घराची किंमत सहा वर्षांत इतकी चढली की धाकट्याने त्यावर कर्ज काढून किराणा दुकान टाकलं. रॉकी बॉयचं घर शेवटी झालं, सुरेख झालं, आजी रोज संध्याकाळी तिथे येऊन बसायची. मूल्यांकन करायला आलेल्या माणसाने आसपासच्या विकल्या गेलेल्या घरांचे दर विचारले, तर एकही घर विकलं गेलेलं नव्हतं. त्याने तो रकाना कोरा सोडला.